चित्रपटातली बस, लोकल आणि टॅक्सी कशी ओळखायची

नायिका रडत असते आणि आपलं लक्ष तिच्या मागून गेलेल्या डबल डेकरकडे असतं. ही खोड असलेली माणसं कमी नाहीत. ती बस कुठली, साधारण कुठल्या सालची आणि दृश्य खरंच त्या जागेवरचं आहे का, हे बऱ्याचदा त्याच फ्रेममधून काढता येतं. इथली उदाहरणं मुंबईची आणि एसटीची आहेत.

एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. नायक ज्या बसमध्ये चढतो ती बस नट असते; तिची पाटी, नंबर, रंग सगळं त्या दिवसापुरतं असू शकतं. मागून आपल्या कामाला निघालेली बस साक्षीदार असते. विश्वास दुसरीवर ठेवायचा.

1. चित्रपट रस्त्यावरचा निवडा

स्टुडिओत उभारलेल्या चौकातून काही मिळत नाही. सुरुवातीला 'छोटी सी बात' (1976) घ्या, त्यात बसथांबा जवळजवळ एक पात्रच आहे. लोकलसाठी 'बातों बातों में' (1979). प्रत स्वच्छ हवी. वरखाली कापून रुंद केलेली प्रत नको. पाट्या नेमक्या त्या कापलेल्या भागात जातात.

2. आधी न थांबवता बघा

फक्त वेळ टिपून ठेवा. दुसऱ्या फेरीत एकेक फ्रेम पुढे सरकवा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये त्यासाठी 'ई' ही कळ आहे. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाची दाबली की मागे. धावत्या बसची पाटी बहुतेक फ्रेममध्ये फिसकटलेली असते, एखाद्याच फ्रेममध्ये वाचता येते. तीच शोधायची.

3. गाडीच्या आकाराआधी अक्षरं वाचा

बेस्टच्या बसवर समोर मार्ग क्रमांक मराठी अंकांत असतो, बाजूला इंग्रजीत. मार्ग क्रमांकांचीही ढोबळ विभागणी आहे: 200 च्या घरातले पश्चिम उपनगरांतले, 300 च्या घरातले पूर्व उपनगरांतले, 400 च्या घरातले या दोन्हींना जोडणारे. त्यामुळे संवादात 'कुलाबा' आणि मागच्या बसवर 300 च्या घरातला आकडा दिसला, तर दिग्दर्शकाने कुलाबा घाटकोपरात उरकलाय असं समजायला हरकत नाही.

मग नंबरप्लेट. 'एमएच' ही मालिका 1989 पासूनची. त्याआधी मुंबईच्या गाड्यांवर 'बीएम', 'एमआर', 'एमएम' अशांनी सुरू होणारी तीन अक्षरं असत. 1975 सालची म्हणून दाखवलेली गोष्ट आणि टॅक्सीवर 'एमएच-01' हा आजच्या पीरियड वेबसीरिजमधला हमखास सापडणारा घोळ.

एसटीच्या बाबतीत मात्र नंबरप्लेटवरून गाव काढू नका. नवखे इथेच फसतात. कोकणातल्या घाटात 'एमएच-20' ची लाल बस दिसली की लगेच "शूटिंग संभाजीनगरचं!" असं ठोकून देतात. एसटीच्या बसचे सांगाडे मुख्यतः महामंडळाच्याच तीन कार्यशाळांत बांधले जात आले आहेत: पुण्याजवळ दापोडी, संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरला हिंगणा. पासिंगही तिथलंच होतं. म्हणून राज्यभर 'एमएच-14', 'एमएच-20', 'एमएच-40' याच प्लेटा फिरताना दिसतात. गाव हवं असेल तर बसच्या अंगावर लिहिलेलं आगाराचं नाव शोधा, नाहीतर काचेमागची पाटी.

4. दोन टोकं बांधा

साल नेमकं सांगायच्या भानगडीत पडू नका. 'याच्या नंतर' आणि 'याच्या आधी' एवढं पुरे. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला धावली. ट्रॉलीबस, म्हणजे वरच्या विजेच्या तारांवर पण रुळांविना धावणारी बस, 1962 ते 1971 होती. एकाच शॉटमध्ये दोन्ही सापडल्या तर दोन वर्षांच्या आत आलात. जुन्या डिझेल डबल डेकर सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त झाल्या, त्याच वर्षी वातानुकूलित विजेच्या आल्या. त्या दोघींत गोंधळ व्हायचं कारण नाही.

लोकलमध्ये रंग बघा. पांढऱ्या-जांभळ्या गाड्या 2007 च्या अखेरीपासून, एसी लोकल 25 डिसेंबर 2017 पासून. समोरच्या फलकावर 'के' म्हणजे कल्याण, 'बीओ' बोरिवली, 'व्हीआर' विरार. नायिका चर्चगेटला चढली आणि गाडीवर 'के' असेल तर समजून घ्या: चर्चगेट पश्चिम रेल्वेवर, कल्याण मध्य रेल्वेवर. स्टेशनांच्या पाट्याही कामाच्या: व्हीटीचं सीएसटी 1996 मध्ये झालं, एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी 2018 मध्ये.

काळी-पिवळी टॅक्सीत प्रीमियर पद्मिनी ही जुनी मोटार दिसली तर ऑक्टोबर 2023 किंवा त्याआधीचं चित्रण, इतकंच. तिचा काळ फार लांब, त्यामुळे साल काढायला ती निरुपयोगी. गेटवेसमोर ऑटोरिक्षा प्रवासी घेताना दिसली तर ती शूटिंगसाठीच आणलेली. शहरात माहीम-शीवच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगीच नाही.

5. फसवणूक तपासा

कधीकधी संकलक फ्रेम आरशासारखी उलटी करतात. आपल्याकडे बसचं दार डावीकडे. ते उजवीकडे दिसलं तर आधी पाट्यांवरची अक्षरं उलटी आहेत का बघा. शहराचे उडते शॉट अनेकदा जुन्या साठ्यातून घेतलेले असतात, म्हणून त्यांतल्या बसवरून अख्ख्या चित्रपटाचं साल ठरवू नका. शिवाय प्रदर्शनाचं साल म्हणजे चित्रीकरणाचं साल नव्हे. रखडलेले चित्रपट आपल्याकडे काही कमी नाहीत.

6. नोंद करा

चित्रपट, वेळ, गाडी, वाचलेली अक्षरं असे रकाने पुरतात. 'दिसलं' आणि 'वाटलं' यांचे रकाने मात्र वेगळे ठेवा, नाहीतर महिन्याभराने आपल्याच अंदाजाला आपण पुरावा मानू लागतो. जुन्या बेस्ट गाड्यांशी ताडून बघायचं असेल तर आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय गाठा. तिथल्या प्रतिकृती सगळ्या बाजूंनी बघता येतात, आणि चित्रपटात बस बहुतेक वेळा एकाच बाजूने दिसते.