पिल्लाचे कान उभे होईनात? आधी या चुका थांबवा

जर्मन शेफर्डचं पिल्लू घरी आलं की आठवड्याच्या आत कोणीतरी विचारतोच, "कान केव्हा खडे होतील याचे?" तिथूनच मालकाची घाई सुरू होते. विदर्भात वाडीवर, गोठ्यावर राखणीला हे कुत्रं आता बरंच दिसतं, आणि त्याच त्या चुकांनी चांगल्या अंगाची पिल्लं पायांतून बिघडतात. कानासाठी पाय घालवणं हा फार वाईट सौदा आहे.

आधी वेळापत्रक समजून घ्या. दोन महिन्यांच्या पिल्लाचे कान सहसा पडलेलेच असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मुळाशी जोर येतो. मग काही दिवस कान विमानाच्या पंखांसारखे आडवे, काही दिवस एक वर एक खाली, काही दिवस दोन्हींची टोकं डोक्यावर एकमेकांना टेकलेली. हे सगळं ठीक आहे. साडेतीन-चार महिन्यांपासून दुधाचे २८ दात पडायला लागतात आणि पक्के ४२ येतात. हे काम जवळपास सातव्या महिन्यापर्यंत चालतं, आणि तेवढ्या काळात उभा झालेला कानही परत पडू शकतो. एकदा पूर्ण उभा राहून मग पडलेला कान बहुतेक वेळा आपणहून पुन्हा उभा होतो. जाड हाडाच्या, मोठ्या कानांच्या पिल्लांना जास्त दिवस लागतात. शेजारच्या गावातल्या पिल्लाचे कान तिसऱ्याच महिन्यात उभे झाले, याचा तुमच्या पिल्लाशी काही संबंध नाही.

कॅल्शियमची बाटली

सगळ्यात जास्त नुकसान हीच चूक करते. कानात हाड नसतं. तिथे असते ती कूर्चा. आपलाच कान वरच्या बाजूला दुमडून पाहा, तशीच लवचीक. कॅल्शियमने हाड भरतं. निरोगी, पोटभर नीट खाणाऱ्या पिल्लाची ही कूर्चा वरच्या कॅल्शियमने ताठ होत नाही. तरी प्रत्येक गावात सल्ला एकच: कॅल्शियम द्या.

कापूस पट्ट्यातल्या एका वाडीवरच्या पिल्लाची गोष्ट पाहा. साडेतीन महिन्यांचा नर, वजन १२ किलो, एक कान उभा आणि एक पडलेला, म्हणजे वयाला अगदी साजेसं. खाणं पाकिटातलं, मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं, चांगल्या दर्जाचं. कोणीतरी सांगितलं आणि म्हशीसाठी आणलेल्या कॅनमधलं पातळ कॅल्शियम रोज दोन झाकणं सुरू झालं. सोबत चहाचा चमचाभर अंड्याच्या कवचाची पूड आणि अर्धा लिटर म्हशीचं दूध. तीन-चार आठवड्यांत पिल्लू सकाळी उठताना कुंथायला लागलं. पुढचे पंजे बाहेर वळले, मनगटाचे सांधे फुगले, हात लावला की ओरडायचं. मालकाला वाटलं अशक्तपणा आहे, म्हणून त्याने झाकणं दोनाची तीन केली. एक्स-रे निघाला तेव्हा खरं कारण कळलं. वरचं सगळं बंद केलं, उड्या आणि पळणं दीड महिना थांबवलं. पाय बरेच सरळ झाले, पण डावा पंजा बाहेर वळला तो वळलाच. कान सातव्या महिन्यात उभे झाले, काहीही न देता.

हिशोब करून पाहा. मोठ्या जातीच्या पिल्लाच्या आहारात दर १००० किलोकॅलरीमागे साधारण ३ ते ४.५ ग्रॅम कॅल्शियम असावं, आणि चांगल्या पाकिटात तेवढं असतंच. एवढं पिल्लू दिवसाला हजार-बाराशे किलोकॅलरी खातं. कवचाची चमचाभर पूड म्हणजे जवळपास २ ग्रॅम, अर्धा लिटर म्हशीचं दूध म्हणजे आणखी सुमारे १ ग्रॅम. कॅनमधलं धरायच्या आधीच मर्यादा ओलांडली. वयाने मोठं झालेलं कुत्रं जास्तीचं कॅल्शियम आतड्यातून शोषून न घेता बाहेर टाकतं; सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ते नीट जमत नाही, पोटात गेलेल्यातलं बरंचसं रक्तात उतरतं. हाड लांब होतं ते टोकाजवळच्या कूर्चेच्या पट्टीतून. कॅल्शियम फार झालं की या पट्टीचं हाडात रूपांतर बिघडतं. पुढच्या पायात दोन हाडं शेजारी-शेजारी असतात. एक मागे राहिलं की दुसरं धनुष्यासारखं वाकतं. त्यात जनावरांच्या बाटलीत ड-जीवनसत्त्वही असतं, ते अंगात साठतं आणि कॅल्शियम आणखी ओढून घेतं. बाटलीवरचा डोस म्हशीसाठी असतो, पाचशे किलोच्या जनावरासाठी.

आता उलटी बाजू. पिल्लू घरच्या खाण्यावर असेल आणि त्यात नुसतं कोंबडीचं मांस, काळीज आणि भात असेल, तर तिथे कॅल्शियम खरंच कमी पडतं. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं असतं. मग शरीर स्वतःच्या हाडातलं कॅल्शियम काढून घेतं आणि हाडं इतकी पातळ होतात की ओट्यावरून उडी मारली तरी मोडतात. नुसत्या दूध-पोळीवर वाढलेल्या पिल्लाला प्रथिनं पुरत नाहीत. मांस-भातावरच्या पिल्लाला कॅल्शियम द्यावं लागतं, पण वजन आणि रोजचं खाणं डॉक्टरांना सांगून, मोजून. सरळ सल्ला हा: परवडत असेल तर वर्षभर मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाद्य द्या, पाकिटावर कॅल्शियम १.८ टक्क्यांच्या आत आहे का पाहा, आणि वरून काही घालू नका. पाकीटही आणि पूडही, हे दोन्ही एकत्र कधीच नको.

कॅल्शियमची सुई कान उभे करायला कोणी लावतो म्हणालं तर पिल्लू उचलून घरी आणा. ती कातडीखाली गेली तर मांस सडवते, शिरेतून घाईने गेली तर हृदय थांबवते.

टेप, काडी आणि फेविक्विक

दुसरी लाडकी चूक. तीन महिन्यांच्या पिल्लाच्या कानाला वायरिंगची काळी टेप गुंडाळलेली, आत झाडूची काडी. काही जण फेविक्विकने दोन्ही कान एकमेकांना चिकटवतात. काळी टेप हवा जाऊ देत नाही, उन्हात तिचा चिकटा वितळून कातडीला बसतो, आणि करकचून बांधली तर टोकाचं रक्त थांबतं. टोक आधी गार पडतं, मग काळं होतं, मग गळतं. पावसाळ्यात टेपखाली ओल धरते. तिसऱ्या दिवशी वास, पाचव्या दिवशी अळ्या.

टेप लावायची वेळ असते. पाच महिने पूर्ण झाले आणि कानाच्या मुळाशीही अजून काही जोर नाही, तर डॉक्टरांना दाखवून विचार करा. मूळ उभं आहे आणि फक्त टोक लवतंय, तर थांबा. आठव्या महिन्यानंतर कूर्चा बसलेली असते, तेव्हा टेपचा फारसा उपयोग होत नाही. टेपने कान उभा होईलच याची खात्री नाही. आई-बापांकडून जे आलंय त्याच्यापुढे टेप जात नाही.

लावायचीच तर अशी. कान आतून कोरड्या कापसाने पुसा. लाल असेल, वास येत असेल तर टेप नाहीच. जनरल स्टोअरमध्ये केस कुरळे करायचे स्पंजचे रोलर मिळतात, त्यातला अंगठ्याएवढ्या जाडीचा घ्या आणि आतली प्लॅस्टिकची दांडी काढून टाका. तो कानाच्या आतल्या बाजूला उभा ठेवा, पण भोकावर नको. खाली दोन बोटं जागा मोकळी सोडा. कानाच्या दोन्ही कडा स्पंजभोवती हलकेच आणा, एकमेकींवर चढवू नका. दवाखान्यातली पांढरी कागदी टेप, मायक्रोपोर, दोन-तीन वेढे, खालच्या दोन तृतीयांश भागावर. टोक उघडं राहिलं पाहिजे, म्हणजे ते गरम आहे का ते हाताला कळतं. वेढ्याखाली करंगळी सहज गेली पाहिजे. मग दोन्ही कानांमध्ये आइस्क्रीमची काडी आडवी ठेवून तिच्यावरून टेप घ्या, कान घड्याळातल्या अकरा आणि एकच्या जागी राहतील असे. जवळ ओढू नका.

रोज सकाळी टोक चाचपायचं, वास घ्यायचा. पाच ते सात दिवसांनी खोबरेल तेल चोळून टेप ओली करा आणि सावकाश सोडवा; ओढली तर केसांसकट कातडी येते. दोन दिवस मोकळं ठेवा, मग गरज असेल तरच पुन्हा. मे महिन्यात ४५ अंशांत आणि जुलैच्या झडीत हे करूच नये. दात येताना नेमका तोच काळ आला तर सरळ वाट पाहावी.

बाकीच्या चुका थोडक्यात.

कान चोळणं, ओढणं, मागे दुमडून फोटो काढणं बंद करा. पोरांना पहिल्याच दिवशी सांगा. कूर्चा चेपली किंवा आत रक्त साकळलं तर कान आक्रसतो आणि मग उभा होत नाही.

कान पडलाय आणि पिल्लू डोकं झटकतंय, तर आधी आत बघा. गोचीड, कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ किंवा पू असेल तर दुखऱ्या कानाला पिल्लू खालीच धरतं. गुरांच्या गोचिडाचं औषध कानात ओतू नका. गुरांचं आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचणं तर त्याहून वाईट. जर्मन शेफर्डमधल्या काहींना जन्मतःच हे औषध सोसत नाही, मेंदूवर जातं.

जंताचं औषध वेळेवर नसेल तर खाणं जंतच खातात. दोन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा, वजनावर.

डॉबरमनचे कान मुळात पडलेलेच असतात. ते कापून उभे करतात. तसं नुसत्या दिसण्यासाठी कापणं ही क्रूरता आहे. त्यासाठी पिल्लू कोणाकडेही नेऊ नका.

घेतानाच आई आणि बाप दोघांचे कान बघा. बाप "बाहेरगावी" असेल तर पिल्लू घेऊ नका. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद वंश सांगतो, कान नाही.

उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली बांधलेलं पिल्लू दुपारी खात नाही आणि मग वाढीलाच मागे पडतं. पहाटे पाचला आणि दिवस मावळल्यावर खाऊ घाला, मध्ये पाणी आणि सावली.

पाच महिने होऊनही दोन्ही कान मुळापासून लोळत असतील, किंवा कधीही पाय वाकडे, सांधे फुगलेले दिसले, तर तालुक्याच्या दवाखान्यात दाखवा. एक्स-रेची सोय नसेल तर नागपूरला सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पश्चिम विदर्भातल्यांना अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था जवळ पडते. जाताना पाकिटाचा फोटो, दिलेल्या प्रत्येक बाटलीचं लेबल आणि दर रविवारी समोरून काढलेले कानांचे फोटो न्या. डॉक्टरांना त्यावरून कान चढतोय की उतरतोय हे लगेच कळतं. फोटो मात्र सकाळी काढा. दुपारच्या उन्हात दमलेलं पिल्लू कान टाकूनच बसतं.