शेणाऐवजी मुरघास: पिकांवर बायोगॅस टाकी चालवताना

शेणावरची टाकी बऱ्याच चुका पोटात घालते. शेणासोबत जिवाणू येतात, आम्ल झेलणारा क्षार येतो, निकेल-कोबाल्टसारखी सूक्ष्मद्रव्येही येतात. मका किंवा नेपिअर गवताच्या कुट्टीत यातले फारसे काही नसते. ऊर्जा मात्र भरपूर. टनभर पातळ शेणातून २० ते ३० घनमीटर वायू निघतो, तर टनभर मक्याच्या मुरघासातून, म्हणजे खड्ड्यात हवाबंद दाबून आंबवलेल्या हिरव्या कुट्टीतून, १८० ते २२०. एवढे जड जेवण रोज पचवायचे, म्हणून पिकांची टाकी आंबटही लवकर होते.

निम्मे काम कापणीलाच होते. मक्याचा दाणा चिकातून घट्ट होऊ लागला आणि अख्ख्या झाडात शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरणारा भाग) ३० ते ३५ टक्के भरला, की कापा. आधी कापला तर खड्ड्यातून साखरेचे पाणी वाहून जाते. उशीर केला तर कुट्टी नीट दबत नाही, हवा राहते आणि बुरशी धरते. नेपिअर जून होऊ देऊ नका. त्यातले लिग्निन, म्हणजे झाडाला लाकडासारखे कडक करणारे द्रव्य, या जिवाणूंना पचत नाही, आणि लाकूड किंवा भुसा थेट टाकीत टाकण्यात अर्थ नाही तो याचसाठी.

कुट्टी ५ ते १० मिमीची हवी. पातळ थर पसरून प्रत्येक थर जड ट्रॅक्टरने दाबा, खड्डा भरला की लगेच ताडपत्री घालून वर वजन ठेवा आणि सहा आठवडे उघडू नका. चांगल्या मुरघासाला आंबूस वास येतो, सामू (pH) ४ च्या आसपास असतो. खवट, उग्र वास आला तर कुट्टी कमी दबली किंवा माती मिसळली असे समजा.

टाकी सुरू करायला दुसऱ्या चालू टाकीतली स्लरी, म्हणजे आतला पातळ घोळ, हे सर्वांत उत्तम विरजण. ती नसेल तर ताजे शेण पाण्यात कालवून, गाळून भरा. तापमान ३८ ते ४० अंशांवर आणा आणि तिथेच धरा. दिवसात एका अंशापेक्षा जास्त चढउतार नको. सुरुवातीच्या वायूत हवा आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो ठिणगीपासून दूर, उघड्यावर सोडा, पेटवून बघू नका. वायू स्थिर जळू लागल्यावरच मुरघास द्यायला घ्या: टाकीच्या दर घनमीटरमागे रोज अर्धा किलो सेंद्रिय शुष्क पदार्थ (शुष्क पदार्थातून राख वजा जाता उरणारा भाग). दर आठवड्याला पाव किलो वाढवत २ किलोपर्यंत जा. त्यापुढे जायचे तर नियमित तपासणी हवीच.

१० घनमीटर स्लरी असलेल्या टाकीचे गणित पाहू. २ किलोच्या हिशोबाने रोज २० किलो सेंद्रिय पदार्थ लागतो. मुरघासात शुष्क पदार्थ ३२ टक्के आणि त्यातला ९५ टक्के सेंद्रिय धरला, तर रोज सुमारे ६६ किलो मुरघास झाला. त्यात ४० लिटर पाणी किंवा पातळ शेण मिसळा. म्हणजे माल टाकीत साधारण ९० दिवस राहतो, आणि पिकांना एवढा मुक्काम लागतोच. वायू मिळेल रोज १३ घनमीटरच्या आसपास, मिथेन ५२ टक्के. घोळ एवढा घट्ट दिसतो तरी टाकी घट्ट होत नाही, कारण बहुतेक शुष्क पदार्थ वायू होऊन निघून जातो. पाण्याऐवजी बाहेर पडलेली स्लरीच फिरवत राहिलात तर काही महिन्यांत अमोनिया आणि मिठासारखे क्षार साचतात.

टाकी बिघडताना सामू सर्वांत शेवटी घसरतो. आधी आम्ले वाढतात, मग मिथेन कमी होऊन ज्योत बर्नरवरून उडू लागते. म्हणून आठवड्याला आम्ल-क्षार गुणोत्तर काढा. गाळलेली २० मिली स्लरी घ्या आणि ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक ॲसिड थेंबथेंब सोडा. सामू ५ वर यायला लागलेले मिली गुणिले २५० म्हणजे क्षार. तिथून ४.४ वर यायला लागलेल्या मिलीला १.६६ ने गुणा, ०.१५ वजा करा, ५०० ने गुणा, ते आम्ल. उदाहरणार्थ ४८ मिली आणि पुढे ४.५ मिली लागले, तर क्षार १२,००० आणि आम्ल ३,६६०, गुणोत्तर (आम्ल भागिले क्षार) ०.३. ०.२ ते ०.४ ठीक. त्यापुढे गेले तर मुरघास निम्मा करा, ०.६ च्या वर पूर्ण थांबवा. ढवळणे आणि उष्णता चालू ठेवा, चांगली स्लरी किंवा शेण घाला. चुना ओतण्याचा मोह टाळा: तो कार्बन डायऑक्साइड शोषतो, टाकीत दाब एकदम उतरतो आणि तळाला खडा धरतो. थोडा खाण्याचा सोडा बरा.

नुसत्या मक्यावर काही महिने छान चाललेली टाकी खाद्य न बदलताही आंबू लागली, तर बहुधा निकेल, कोबाल्ट, मॉलिब्डेनम किंवा सेलेनियम संपत आलेले असते. सूक्ष्मद्रव्ये स्लरी तपासूनच द्या, अंदाजाने नकोत. त्यापेक्षा खाद्यात वजनाने २० ते ३० टक्के शेण कायम ठेवले तर ही वेळ सहसा येत नाही.

गवत तरंगून वर जाड साय धरते, म्हणून ढवळणीचे एक पाते पृष्ठभागाच्या जवळ हवे आणि ढवळणे थोडे थोडे पण दिवसातून अनेकदा. साय एकदा वाळली की टाकी उघडावी लागते, आणि तिथे जीव जातो. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाक त्याचा वास घेणेच बंद करते; वास येत नाही म्हणजे धोका नाही, असे नसते. पंख्याने हवा खेळवल्याशिवाय, वायूमापक, दोर आणि बाहेर दुसरा माणूस असल्याशिवाय आत डोके घालू नका. आतला माणूस कोसळला तर त्याच्यामागे उतरू नका, दोराने ओढा.