पंगत आणि शेजार : ल्यूथरन सेमिनरीत सामूहिक जीवन व सेवाकार्य कसे उभे करावे

चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, जिथे घडवले जातात त्या सेमिनरीत नवे वर्ष सुरू झाले की साधारणपणे दोन समित्या नेमल्या जातात. एक समिती उपासना, भोजनगृह, वसतिगृह आणि खेळ यांची व्यवस्था पाहते. दुसरी रुग्णालयभेटी, वस्तीतले वर्ग आणि तुरुंगातील प्रार्थनासभा यांची आखणी करते. माझे पहिले आणि आग्रहाचे सांगणे असे की ही दोन्ही कामे एकाच समितीकडे, एकाच वहीत आणि एकाच बैठकीत असावीत. ज्या भोजनगृहात दूरच्या प्रांतातून आलेला विद्यार्थी वर्षभर कोपऱ्यात एकटा जेवतो, तिथली माणसे शेजारच्या वस्तीत गेली तरी एकटी माणसे त्यांना दिसत नाहीत, कारण ती पाहण्याची सवय घरातच लागलेली नसते.

ल्यूथरन परंपरेला ही गोष्ट आरंभापासून ठाऊक आहे. 1525 मध्ये या परंपरेचे प्रवर्तक, जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांचा कॅथरिना फॉन बोरा यांच्याशी विवाह झाला, आणि विटेनबर्गमधील ज्या ऑगस्टिनियन मठात ते पूर्वी व्रतस्थ म्हणून राहत होते, तोच त्यांचा संसार झाला. तिथे पैसे भरून राहणारे विद्यार्थी, पोरकी झालेली नात्यातली मुले, आश्रयाला आलेले पाळक आणि वाटसरू एकाच मेजाभोवती बसत. कॅथरिनाबाई जमीन कसून घेत, गुरेडुकरे पाळत, घरीच बिअर तयार करत आणि त्यावर हा गोतावळा चालवत. तेव्हा भोजनगृहाचा विषय कंत्राटदारावर सोपवून मोकळे होऊ नये. पाळकाच्या शिक्षणाचा तो पहिला वर्ग आहे.

दिवसाची घडी

दिवसाची बांधणी उपासनेने करावी, मात्र ती लहान आणि नेमाची असावी. ल्यूथर यांच्या 1529 च्या लघु प्रश्नोत्तरीत, म्हणजे विश्वासाची मूलतत्त्वे शिकवणाऱ्या छोट्या पुस्तकात, सकाळची आणि रात्रीची अशा दोन छोट्या प्रार्थना दिल्या आहेत, आणि सकाळची प्रार्थना झाल्यावर आनंदाने आपापल्या कामाला लागावे, असे तिथेच सांगितले आहे. परीक्षेच्या आठवड्यातही मोडणार नाही एवढाच नेम ठरवावा. पाऊण तासाची उपासना ठरवून जूनमध्ये भरलेले चॅपेल ऑगस्टमध्ये रिकामे झालेले पाहण्यापेक्षा वीस मिनिटांची उपासना मार्चपर्यंत टिकवणे चांगले.

याबाबतीत जर्मन ल्यूथरन पाळक डीट्रिख बोनहोफर यांच्या सेमिनरीचा अनुभव जरूर अभ्यासावा. नाझी सत्तेपुढे मान न तुकवणाऱ्या कन्फेसिंग चर्चसाठी त्यांनी 1935 च्या एप्रिलमध्ये बाल्टिक किनाऱ्यावरील झिंग्स्ट येथे ही सेमिनरी सुरू केली, ती लवकरच स्टेटिनजवळच्या फिंकेनवाल्डे येथे हलवली आणि 1937 मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, ती बंद पाडली. तिथे रोज अर्धा तास शास्त्रवचनावर शांतपणे मनन करायचे असे, आणि तो नेम विद्यार्थ्यांना सुरुवातीला जड गेला. मला त्याहूनही मोलाचा वाटतो तो तिथला दुसरा नियम : गैरहजर असलेल्या सोबत्याविषयी बोलायचे नाही, आणि बोलले गेलेच तर नंतर त्याला स्वतः जाऊन सांगायचे. आपल्याकडे हा नियम वर्षाच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाआधी मोठ्याने वाचावा, प्राध्यापकांनीही तो स्वीकारावा आणि मोडला गेल्यास शिक्षा ठेवू नये. ज्याच्याविषयी बोलणे झाले त्याच्या खोलीचे दार वाजवावे लागणे, एवढे पुरे आहे.

ताट, पातेले आणि पंगत

पंगत या शब्दाला मराठीत इतिहास आहे आणि तो सगळाच सुखाचा नाही. कोण कोणाच्या शेजारी बसतो, कोण वाढतो आणि उष्टे कोण काढतो, यावरून आपल्या समाजात माणसाची पायरी ठरत आली आहे, आणि बाप्तिस्मा घेतल्याने ही सवय आपोआप सुटते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. चेन्नईच्या किल्पॉक भागातील गुरुकुल ल्यूथरन थिऑलॉजिकल कॉलेजात दलित ईश्वरविज्ञानाचा विभाग उभा राहिला आणि अरविंद निर्मल यांनी तो सांभाळला, तो याच प्रश्नाची दखल घेऊन. अशा संस्थेत देशातील निरनिराळ्या ल्यूथरन मंडळ्यांचे, म्हणजे चर्चसंस्थांचे, विद्यार्थी एकत्र येतात. कोणी तेलुगू बोलतो, कोणी सादरी, कोणी मुंडारी, कोणी ओडिया. त्यांना मोकळे सोडले की ते भाषेनुसार बसतात, आणि भाषेआड जातही बसते.

म्हणून कामाच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. एका पाळीत चार जण असावेत आणि त्यांत एकाच मंडळीचे दोघे येऊ नयेत. वाढण्याच्या, भाजी चिरण्याच्या आणि भांडी घासण्याच्या पाळीत विद्यार्थिनी व विद्यार्थी सारखेच असावेत, तसेच प्राध्यापकांची नावेही त्याच चिठ्ठ्यांत घालावीत. मी ज्या सेमिनरीत शिकलो, तिथे एका वयोवृद्ध प्राध्यापकांच्या वाट्याला गुरुवारची रात्र आली होती. ते बाह्या दुमडून मोरीपाशी बसत, सांबाराच्या मोठ्या पातेल्यात कोपरापर्यंत हात घालत आणि नारळाच्या काथ्याने तळाशी करपलेली डाळ खरवडत राहत. त्या वेळी ते उपदेश करत नसत; समोर बसून ताटे धुणाऱ्याला त्याच्या गावच्या पावसाविषयी विचारत. माझ्या घरची अडचण मी पहिल्यांदा त्यांना सांगितली ती तिथेच, त्यांच्या कार्यालयात नव्हे.

महिन्यातून एकदा एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रांतातले जेवण करावे आणि त्या दिवशी प्रार्थनाही त्याच्याच भाषेत म्हणावी. स्वयंपाकघरात रोज राबणाऱ्या कामगारांना त्या पंगतीत बसवावे आणि विद्यार्थ्यांनी वाढावे. त्यांची नावे, त्यांच्या मुलांच्या शाळा आणि त्यांची दुखणी जर समितीला ठाऊक नसतील, तर बाहेरच्या सेवाकार्याचा पहिला पत्ता तोच आहे असे समजावे.

बाहेर पडण्यापूर्वी

सेवा कशासाठी करायची, हे आधी स्पष्ट करून घ्यावे, कारण इथे ल्यूथरन शिकवणीचा गाभा आहे. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळते. सत्कर्मांनी ते कमावता येत नाही. देवाला आपल्या सत्कर्मांची गरज नाही, शेजाऱ्याला मात्र आहे. या शिकवणीचा व्यवहारातला अर्थ असा की वस्तीत शिकवलेले गणित हे त्या मुलाला गणित यावे म्हणूनच शिकवायचे असते, आपल्या पुण्याच्या खात्यासाठी किंवा मंडळीची संख्या वाढवण्यासाठी नव्हे. मदतीला प्रार्थनासभेची अट घालू नये, औषधाच्या पुडीबरोबर पत्रक देऊ नये. कोणी आपणहून विश्वासाविषयी विचारले तर मोकळेपणाने, नीट वेळ देऊन बोलावे. साक्ष लपवण्याची गरज नाही, पण गरजू माणसाच्या अडचणीवर ती टेकवू नये. यामागे कायद्याची सावधगिरी आहेच, परंतु कायदा नसता तरीही हेच योग्य ठरले असते.

दुसरी तयारी भाषेची. बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुत्शाव हे जर्मन ल्यूथरन मिशनरी 9 जुलै 1706 रोजी तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडीला उतरले, तेव्हा त्यांना तमिळ येत नव्हते. त्सीगेनबाल्ग यांनी एका वृद्ध तमिळ पंतोजींना त्यांची शाळा आपल्या राहत्या जागी भरवायला लावली आणि लहान मुलांच्या रांगेत बसून वाळूत बोटाने अक्षरे गिरवली. बायबलमधील नव्या कराराचे त्यांनी केलेले तमिळ भाषांतर 1715 पर्यंत छापून झाले, पण त्याची सुरुवात त्या वाळूत आहे. चेन्नईला शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्याने इंग्रजीवर भागवून नेऊ नये. पहिल्या तीन महिन्यांत भाजीवाली, रिक्षावाला आणि रुग्णालयातील आया यांच्याशी चार वाक्ये बोलता येतील एवढे तमिळ शिकावे, आणि ते शिकवायला वस्तीतल्याच एखाद्या शाळकरी मुलीला किंवा आजोबांना विनंती करावी. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे त्यामुळे पहिल्याच दिवशी नीट ठरते.

कुठे जावे आणि किती दिवस

एकच जागा निवडावी, ती पायी पंधरा मिनिटांच्या अंतरावर असावी आणि तिथे निदान तीन वर्षे जावे. पाच ठिकाणी महिन्यातून एकदा जाण्यापेक्षा एका ठिकाणी आठवड्यातून दोनदा जाणे केव्हाही बरे. आमच्या सुरुवातीच्या एका नाताळात आम्ही एका वस्तीत वह्या वाटल्या, मुलांची नावे लिहून घेतली, फोटो काढले आणि परत आलो. पुढच्या नाताळात तिथेच गेलो तेव्हा एका आजींनी पुन्हा नाव लिहून घेऊ पाहणाऱ्या आमच्या सोबत्याला विचारले, "गेल्या वर्षी लिहिलेले नाव कुठे गेले, बाबा?" आमच्याकडे खरोखरच ती यादी नव्हती. त्या दिवसापासून मी वाटपाच्या कार्यक्रमांविरुद्ध बोलत आलो आहे.

पहिल्या महिन्यात काहीही देऊ नये. घरोघर जाऊन बसावे, मिळेल तो चहा प्यावा आणि ऐकावे. पाणी किती वाजता येते, रेशन दुकान कधी उघडते, म्हाताऱ्यांना दवाखान्यात कोण नेते, मुले संध्याकाळी कुठे असतात, हे प्रश्न पुरेसे आहेत. परतल्यावर त्याच रात्री वहीत लिहावे. महिनाअखेर त्या वहीतून एकच काम उचलावे, आणि ते वस्तीतल्या माणसांनी सांगितलेले असावे. आपण शिकवणी वर्गाचे ठरवून जातो आणि त्यांना हवे असते ते रुग्णालयात केसपेपर काढून देणारे, रांगेत सोबत उभे राहणारे माणूस. असे पुष्कळदा घडते.

एकट्याने जाऊ नये. फिंकेनवाल्डेचे विद्यार्थी गावोगावच्या मंडळ्यांत चार-चार जणांच्या तुकड्यांनी जात, आणि हा आकडा मला अनुभवानेही योग्य वाटतो, कारण दोघे बोलत असताना एक जण ऐकू शकतो आणि एक जण मुलांकडे पाहू शकतो. मुलांच्या बाबतीत मात्र काटेकोर राहावे : पालकांची लेखी संमती, उघडे दार, दोन प्रौढांची हजेरी आणि पालकांना विचारल्यावाचून एकही छायाचित्र नाही. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याची माहिती प्रत्येक तुकडीला वर्ष सुरू होतानाच द्यावी.

जर्मनीतील हाले येथील पाळक व प्राध्यापक आउगुस्ट हेरमान फ्रान्के यांची व्यवस्थाही डोळ्यांसमोर ठेवण्याजोगी आहे. 1695 मध्ये दानपेटीत 4 टालर 16 ग्रोशेन (तेव्हाची जर्मन नाणी) सापडले, त्यातून त्यांनी गरीब मुलांची शाळा सुरू केली, आणि विद्यापीठातील गरजू विद्यार्थ्यांना मोफत जेवण देऊन त्या बदल्यात या शाळांतून शिकवायला लावले. ईश्वरविज्ञानाचा विद्यार्थी, त्याचे ताट आणि गरिबाचे मूल ही तिन्ही तिथे एका साखळीत आली. त्सीगेनबाल्ग तरंगंबाडीला आले ते याच हालेत शिकून.

पेटी आणि शब्द

पैशाचा प्रश्न लहान असतानाच सोडवावा. 1523 मध्ये सॅक्सनीतील लाइस्निग या गावच्या मंडळीने सामायिक पेटीची नियमावली केली आणि ल्यूथर यांनी तिला प्रस्तावना लिहिली. दहा विश्वस्त होते : दोन सरदार घराण्यांतले, दोन नगरसभेचे, तीन नगरवासी आणि तीन खेड्यांतले शेतकरी. पेटीला चार कुलपे होती आणि चार किल्ल्या या चार गटांकडे होत्या, म्हणजे शेतकरी हजर नसेल तर सरदारालाही पेटी उघडता येत नसे. दर रविवारी विश्वस्त बसत आणि वर्षातून तीनदा सर्व मंडळीपुढे हिशेब ठेवला जाई. पाचशे वर्षांनंतरही मला याहून चांगली पद्धत सापडलेली नाही. सेमिनरीच्या सेवानिधीसाठी पत्र्याची साधी पेटी घ्यावी, तिला तीन कुलपे लावावीत, आणि एक किल्ली विद्यार्थ्याकडे, एक प्राध्यापकाकडे व एक वस्तीतल्या माणसाकडे द्यावी. तिसऱ्या किल्लीला अनेकांचा विरोध होतो. तरीही ती द्यावी.

शब्द पाळण्याचे मोल मराठी वाचकाला तंजावरच्या इतिहासातून चांगले कळेल. हैदरअलीच्या स्वारीच्या काळात तंजावरच्या किल्ल्यात उपासमार सुरू झाली, पण धान्य वाहून आणायला बैल मिळेनात, कारण पूर्वी राबवून घेतलेल्या लोकांना मोबदला मिळालेला नव्हता आणि सरकारी आश्वासनावर कोणाचा विश्वास उरला नव्हता. तेव्हा ल्यूथरन मिशनरी क्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्स यांनी पैसे देण्याची हमी स्वतःच्या नावावर घेतली, आणि थोड्याच दिवसांत हजारावर बैल उभे राहिले. भोसले घराण्यातील सरफोजीराजांनी तरुणपणी ज्यांचा आधार घेतला आणि 1798 मध्ये ज्यांच्या निधनानंतर संगमरवरी स्मारक घडवून घेतले, ते हेच श्वार्ट्स. म्हणून शनिवारी चार वाजता येतो असे सांगितले असेल, तर पाऊस असो वा अंतर्गत परीक्षा, चार वाजता जावे. जाता येणार नसेल तर आदल्या दिवशी कोणीतरी चालत जाऊन तसे सांगून यावे.

शुक्रवारच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत वस्तीतली माणसे नावानिशी यावीत, मात्र त्यांची परवानगी घेऊन. आजाराचे आणि कर्जाचे तपशील चॅपेलमध्ये उच्चारू नयेत. त्याच वेळी वसतिगृहातल्या आजारी सोबत्याचे, स्वयंपाकी काकांच्या मुलीचे नावही त्याच यादीत, त्याच दमात घ्यावे.

शेवटचे काम सोपवणीचे आहे, आणि बहुतेक सेमिनऱ्यांचे सेवाकार्य तिथेच तुटते, कारण अंतिम वर्षाचे विद्यार्थी मार्चमध्ये निघून जातात आणि नवे जूनमध्ये कोरे येतात. त्यावर उपाय एवढाच की जानेवारीतच मधल्या वर्षाचे दोघे निवडून त्यांना सोबत घ्यावे. पहिल्या शनिवारी जुन्या विद्यार्थ्याने घराघरात त्यांची ओळख करून द्यावी. दुसऱ्या शनिवारी वही नव्यांच्या हाती द्यावी आणि त्यांच्या अक्षरात नोंद होऊ द्यावी. तिसऱ्या शनिवारी जुन्याने चार पावले मागे राहावे, आणि दार नव्याने वाजवावे.