पीसी गेम घेण्यापूर्वी तिसऱ्या कंपनीच्या खात्याची अट कशी तपासावी

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे भरून गेम डाउनलोड केला, ‘प्ले’वर क्लिक केले, आणि गेमऐवजी भलत्याच कंपनीची खिडकी उघडून आधी खाते काढा, ईमेल पडताळून घ्या असे सांगू लागली, हा अनुभव पीसीवर खेळणाऱ्या अनेकांना आलेला असतो. मित्रांसोबत ऑनलाइन खेळण्यासाठी असे खाते मागितले तर ते समजण्यासारखे आहे. पण एकट्याने खेळायच्या गेमलाही ते सक्तीचे असेल, तर विकत घेतलेली वस्तू चालणे न चालणे दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून राहते. म्हणून ही तपासणी पैसे भरण्यापूर्वीच करावी.

स्टीमवर त्या गेमचे पान उघडून उजवीकडच्या रकान्यात खाली यावे. कंट्रोलर, क्लाउड सेव्ह इत्यादी सोयींच्या यादीजवळ एक चौकट असते. तीत ‘रिक्वायर्स थर्ड-पार्टी अकाउंट’ असे लिहून पुढे सेवेचे नाव दिलेले असते. डेनुवोसारखी, बेकायदा प्रती रोखणारी सॉफ्टवेअर कुलुपेही तिथेच नोंदवलेली असतात, आणि काही गेमच्या बाबतीत एका दिवसात पाचच वेगवेगळ्या संगणकांवर चालेल अशी मर्यादाही तिथेच सापडते. ट्रेलर आणि सवलतीचा आकडा ठळक दिसतो, ही चौकट मात्र बारीक अक्षरांत असते. तरी ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यानंतर पीसीगेमिंगविकी या पीसी गेमची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर त्याच गेमचे पान पाहावे, कारण कोणत्या दुकानातल्या आवृत्तीला कोणते खाते लागते हे तिथे वेगवेगळे दिलेले असते.

एवढी काळजी कशासाठी, हे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’च्या उदाहरणावरून कळते. डिसेंबर २००८ मध्ये पीसीवर आलेल्या या गेममध्ये प्रगती सेव्ह करण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या ‘गेम्स फॉर विंडोज लाइव्ह’ या सेवेत लॉगिन असावे लागे. त्या सेवेचे दुकान २२ ऑगस्ट २०१३ रोजी बंद झाले. पुढे नव्या प्रतींसाठी लागणाऱ्या कीज, म्हणजे गेम सुरू करण्याचे कोड, तयार करता येईनात, म्हणून जानेवारी २०२० मध्ये स्टीमवर या गेमची विक्रीच थांबली. मार्चमध्ये ती सेवा वगळलेली नवी आवृत्ती आली खरी, पण तिच्यात मल्टिप्लेअर नव्हता. गेम चांगला होता, खेळणारे होते, विकणारेही होते. मधला एक दुवा तुटला आणि सगळे अडले.

खाते आपल्या देशात मिळते का, हेही पाहावे. मे २०२४ मध्ये सोनीने ‘हेलडायव्हर्स २’साठी प्लेस्टेशन नेटवर्कचे खाते सक्तीचे करण्याचे जाहीर केले, तेव्हा फिलिपिन्स, एस्टोनिया, लाटव्हिया अशा अनेक देशांत ती सेवाच उपलब्ध नव्हती. खेळाडूंनी तीव्र निषेध केल्यावर काही दिवसांतच निर्णय मागे घेतला गेला. भारतात ती सेवा आहे, परंतु परदेशी राहणाऱ्यांनी हे आधी पाहून घ्यावे.

अट मान्य करून गेम घेतलाच, तर खाते स्वतःच्या कायमच्या ईमेलवर काढावे. माझे एक खाते महाविद्यालयाने दिलेल्या ईमेलवर होते आणि पदवीनंतर तो ईमेल बंद झाला. नव्या लॅपटॉपवर लॉगिन करताना पडताळणीचा कोड दर वेळी त्याच बंद पत्त्यावर जात राहिला, आणि त्या खात्याला जोडलेले सगळे सेव्ह हातचे गेले. त्याचे मला आजही वाईट वाटते. दुहेरी पडताळणी सुरू करताना मिळणारे बॅकअप कोड त्यामुळेच कागदावर उतरवून ठेवावेत.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असेल, तर स्टीम पैसे परत करते. या मुदतीतच गेम एकदा नेट सुरू असताना चालवावा, सेव्ह करून बंद करावा, स्टीमच्या मेनूतून ‘गो ऑफलाइन’ निवडावे, मग वायफाय बंद करून गेम पुन्हा उघडावा. सेव्ह जसाच्या तसा उघडला तर ब्रॉडबँड गेलेल्या दिवशीही खेळता येण्याची शक्यता चांगली आहे. लॉगिनची खिडकी अडून बसली आणि ते चालण्यासारखे नसेल, तर त्याच दिवशी रिफंड मागावा. लाँचर, म्हणजे गेमआधी उघडणारी कंपनीची खिडकी, उघडा असतानाचा वेळही दोन तासांत धरला जाऊ शकतो, तेव्हा तो नुसता उघडा ठेवू नये.

तोच गेम जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात मिळत असेल तर मी तिथून घेणे पसंत करतो, कारण तिथे ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून घेता येतो. तो एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवावा, सर्व भाग पूर्ण उतरले आहेत ना ते पाहावे, आणि नेट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर एकदा इन्स्टॉल करून घ्यावा.