बँशचा मंगळवार कसा पाहावा

मी बेल्जियममधल्या बँश या गावात राहते. दरवर्षी जानेवारी संपला की ब्रुसेल्सहून कुणा ना कुणा मराठी ओळखीच्यांचा फोन येतो. "ताई, कार्निव्हलला यायचंय, दुपारी किती वाजेपर्यंत पोचू?" मी एकच सांगते, दुपारी येऊ नका. आदल्या रात्री मुक्कामाला या आणि पहाटे चारला उठा. दुपारी चौकात जे दिसतं ते सुंदर असतंच, पण हे गाव कळतं ते पहाटेच्या अंधारात, गल्लीत.

तारीख काढणं सोपं आहे. ईस्टरच्या ४७ दिवस आधीचा मंगळवार, म्हणजे मार्दी ग्रा. त्याआधीचे रविवार आणि सोमवारही कार्निव्हलचेच. रविवारी मंडळं महिनोन् महिने गुपित ठेवलेली सोंगं घेऊन बाहेर पडतात, सोमवार तरुण पोरांचा. जील, म्हणजे या कार्निव्हलचा पेंढा भरलेल्या पोशाखातला नाचणारा, मात्र निघतो मंगळवारीच, आणि तोही फक्त बँशमध्ये. तो पोशाख घालून गावाची वेस ओलांडायची नाही, हा इथला दंडक आहे. जील पुरुषच होतो, तोही इथला किंवा निदान पाच वर्षं इथे राहिलेला. तीन दिवस जमत नसतील तर आधीच्या काही रविवारी तालमी असतात, त्यांना सुमाँस म्हणतात. तेव्हा गर्दी कमी असते आणि ढोल तेच.

आता पहाटेचं. माझ्या शेजारच्या घरात बाप आणि दोन मुलगे, तिघेही जील. पहिल्या वर्षी आजींनी मला हाक मारून स्वयंपाकघरात नेलं. फरशीवर पेंढ्याचा ढीग पडलेला. आजी मूठभर पेंढा घ्यायच्या, पिळायच्या, त्याची गाठ मारायच्या आणि बाजूला रचायच्या. ही गाठ म्हणजे तोर्केत. पेंढा भरणारा माणूस एकेक गाठ सदऱ्याच्या आत, छातीशी आणि पाठीशी दाबून बसवतो. धाकटा हात पसरून उभा होता, घोट्याशी नवी लेस, पायात लाकडी बूट. आजींनी दोन्ही खांद्यांवरून तळवा फिरवला, डावीकडे एक खळगा लागला, म्हणून एक गाठ काढून पुन्हा भरायला लावली. तासभर हे चाललं. पोशाखावर लाल, पिवळ्या, काळ्या कापडाचे सिंह, तारे, मुकुट शिवलेले असतात. शेवटी कमरेला घुंगरांचा पट्टा बांधला, की तो माणूस दिवसभर लोकांदेखत बसत नाही.

मग कोपऱ्यावरून ढोल ऐकू आला आणि घरातलं बोलणं थांबलं. ढोलाशिवाय जील रस्त्यावर हिंडत नाही. ढोलवाला दाराशी येतो, जील उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतो ते तालावरच, आणि दोघं मिळून पुढच्या घरी जातात. तिथून तिसऱ्या. एकाचे दोन, दोनाचे दहा. दारोदारी शँपेन आणि न्याहारीला कालवं. ज्या घरात चार वाजता दिवा दिसेल त्याच्या समोरच्या फुटपाथवर उभे राहा, आत डोकावू नका, आणि ढोल निघाला की अंतर राखून मागोमाग चला. फ्लॅश वापरू नका.

सकाळी मंडळं नगरभवनाशी जमतात तेव्हाच काय तो मेणाचा मुखवटा दिसतो. हिरवा चष्मा, मिशी, सगळ्यांचा चेहरा अगदी एकसारखा. हातात काटक्यांची जुडी, रामाँ. मुखवटा थोडाच वेळ असतो, त्यामुळे कॉफीची रांग त्यानंतर लावा.

वाचून येणारे मला हमखास विचारतात, हे इंका लोकांचे वंशज का? नाही. १५४९ मध्ये हंगेरीच्या राणी मेरीने भाऊ सम्राट पाचवा चार्ल्स आणि त्याचा मुलगा फिलिप यांच्यासाठी इथल्या राजवाड्यात प्रचंड मेजवान्या दिल्या हे खरं. पाचच वर्षांनी, १५५४ मध्ये, फ्रेंच सैन्याने तो वाडा जाळला. जीलच्या पिसांच्या टोप्यांचं मूळ त्या मेजवानीतल्या इंकांच्या सोंगांत असल्याची गोष्ट एकोणिसाव्या शतकात रचली गेली. जीलचा पहिला लेखी उल्लेख १७९५चा आहे. मला तर हेच जास्त भावतं, की ही गोष्ट राजाने दिलेली नाही, शिंप्या-कामगारांच्या या गावाने स्वतः वाढवली आहे. वाड्याचे अवशेष आणि जुनी तटबंदी कार्निव्हलच्या दिवशी पाहू नका, दुसऱ्या एखाद्या शांत दिवशी या. मुखवट्यांचं संग्रहालयही तेव्हाच करा.

दुपारी शहामृगाच्या पिसांच्या टोप्या निघतात. पाऊस असला तर निघतीलच असं नाही. आणि मग संत्री. जील टोपलीतून रक्तवर्णी संत्री गर्दीत टाकतो. ही भेट असते. दोन्ही हातांनी झेला, खिशात ठेवा, पण परत फेकू नका. तो मोठा अपमान मानतात. दुकानांच्या काचांना जाळ्या बसवलेल्या दिसतील, त्यावरून संत्र्यांचा मारा ध्यानात घ्या. लहान मूल असेल तर पहिल्या रांगेत उभं करू नका. जुना, गडद रंगाचा कोट घाला. माझ्या पांढऱ्या कोटावरचा डाग दोनदा धुवूनही गेला नाही. टोपली रिकामी झाली की ती भरायला घरातल्या बायका पाठीशी चालत असतात. त्यांच्या वाटेत येऊ नका; दिवसभर पायांवर त्याही असतात.

भूक लागली की "दुब्ल" मागा. बकव्हीटच्या पिठाची दोन धिरडी आणि मध्ये वितळलेलं चीज. गरम असतानाच खा.

रात्री चौकात जाळ, फटाके आणि पुन्हा नाच. गाडीने जाणार असाल तर परतीची वेळ आधी पाहून ठेवा, स्टेशनकडच्या वाटेवरही गर्दी असते. राहिलात तर पहाटेपर्यंत ढोल ऐकू येतील. शेजारचे तिघे बुधवारी उजाडता परततात, आजी दारातच सदऱ्यांतला पेंढा काढून घेतात आणि फुटपाथ झाडतात. गेल्या वर्षी मीही झाडू घेऊन उतरले होते.