उजेड लक्षात ठेवणारं सर्किट, एका संध्याकाळचं काम

नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यात पॅनेल वायरिंग करण्यात माझी बावीस वर्षं गेली. त्यामुळे भाचीने विचारलं, "आत्या, मेंदूसारखी चिप म्हणजे काय गं?" तेव्हा बोलत न बसता मी ब्रेडबोर्डच (सोल्डर न करता सर्किट जोडायची भोकांची पाटी) काढला.

सामान: एलडीआर (उजेड पडला की रोध कमी होणारा रेझिस्टर), १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा कपॅसिटर, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, लाल एलईडी, ४७० ओहम, ४७ के आणि १०० के (के म्हणजे हजार ओहम) असे तीन रेझिस्टर, ९ व्होल्टची बॅटरी. एम. जी. रोडला दुकानात यादीच दाखवा. 'मेंदूचं सर्किट' म्हणालात तर दुकानदार नुसता बघत बसेल.

बॅटरीच्या प्लसवरून एलडीआर, त्याच्या दुसऱ्या पायाला कपॅसिटरचा प्लस. पट्टी असलेला पाय मायनसला; उलटा लावलात तर कपॅसिटर फुगतो, फुटतोही. ४७ के कपॅसिटरच्या दोन पायांत आडवा. कपॅसिटरच्या प्लसवरून १०० के ट्रान्झिस्टरच्या बेसला. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर मायनसला. प्लसवरून ४७० ओहम, पुढे एलईडीचा लांब पाय, आणि आखूड पाय कलेक्टरला.

खोलीतला दिवा घालवा आणि एलईडी विझेपर्यंत थांबा. मोबाईलचा टॉर्च एलडीआरजवळ नेऊन क्षणभर लुकलुकवा. टॉर्च गेला तरी एलईडी मिणमिणत राहतो, मग हळूहळू मावळतो. आता पटापट चार वेळा लुकलुकवा: जास्त तेजाने पेटतो, जास्त वेळ टिकतो. तेच चार झोत दोन-दोन मिनिटांनी द्या, दरवेळी पहिल्यासारखाच फिका. लागोपाठ आलेलं ठसतं, सुटंसुटं आलेलं पुसलं जातं. मेंदूतल्या सिनॅप्सचं, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या जोडाचं, वागणं साधारण असंच असतं. टॉर्च रोखून मात्र धरू नका, कपॅसिटर काठोकाठ भरला की काही फरक दिसत नाही.

विसरण्याचं काम मुख्यतः ४७ के करतो. तो काढू नका, कारण अंधारातही एलडीआरमधून करंट झिरपतो. आठवण लांबवायची तर कपॅसिटर २२०० चा घ्या.

आमचा एलईडी पहिल्यांदा विझेचना! दोन ट्रान्झिस्टर बदलले, भाचीवर उगाच चिडले. शेवटी कळलं, एलडीआर शेजारच्या एलईडीचाच उजेड बघत होता. एलडीआरभोवती काळ्या टेपची नळी गुंडाळली, झालं.

मेंदूसारख्या काही खऱ्या चिपांमध्ये कपॅसिटरऐवजी मेमरिस्टर, म्हणजे आठवण ठेवणारा रेझिस्टर, वापरतात. लिऑन चुआ या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये तो कागदावर मांडला, आणि २००८ मध्ये एचपी या कंपनीच्या प्रयोगशाळेने टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थरात तो दाखवला. त्याचा रोध आधी गेलेल्या करंटप्रमाणे बदलतो आणि वीज गेली तरी तसाच राहतो. आपला कपॅसिटर मात्र रिकामा होतो. दृष्टीच्या काही चिपांमध्ये असा पदार्थ वापरतात की उजेडानेच रोध बदलावा, म्हणजे बघणं आणि लक्षात ठेवणं एकाच जागी. साध्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्र आधी मेमरीत, मग प्रोसेसरकडे. त्या ये-जा करण्यातच बरीच वीज जाते. डोळा एवढी हमाली करत नाही: त्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, बारा कोटींच्या आसपास प्रकाशपेशी, पण मेंदूकडे जाणारे तंतू दहा-बारा लाखच. निवड डोळ्यातच उरकते. कार्व्हर मीड आणि मिशा महोवाल्ड यांनी अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत सिलिकॉनचा दृष्टिपटल केला तो याच धर्तीवर.

जमलं तर असंच दुसरं सर्किट शेजारी लावा, दुकानातून ट्रान्झिस्टर एकाच पट्टीतले घ्या. आधी डावीकडे झोत द्या, दहा-बारा सेकंदांनी तेवढाच उजवीकडे. डावा एलईडी फिका, उजवा ठळक: उजेड कुठून कुठे गेला ते टॉर्च बंद झाल्यावरही वाचता येतं.