वेब परफॉर्मन्समध्ये येताय? सरासरीवर विसंबू नका

या क्षेत्रात येणारी मुलं आधी विचारतात, "कोणतं टूल शिकू?" मी सांगतो, क्रोमच्या डेव्हटूल्समधला नेटवर्क टॅब उघडा आणि रोज एखाद्या साइटचा वॉटरफॉल, म्हणजे प्रत्येक फाइल कधी मागवली आणि कधी आली हे पट्ट्यांनी दाखवणारा आलेख, वाचा. कोणत्या पट्टीत वेळ कशामुळे गेला, हे बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

समजा फोन मुंबईत आहे आणि सर्व्हर अमेरिकेत व्हर्जिनियात. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. केबलचे वळसे धरले तर जाऊन-येऊन एका फेरीला २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. टीसीपीची (जोडणी उभी करण्याची) एक फेरी, टीएलएस १.३ची (ती जोडणी सुरक्षित करण्याची) एक, मग रिक्वेस्टची एक. पहिला बाइट हातात पडेपर्यंत ६०० मिलिसेकंद गेले, आणि टीएलएस १.२ असेल तर आणखी एक फेरी. बँडविड्थ दुप्पट केलीत तरी यात फरक पडत नाही. एचटीटीपी/३, म्हणजे वेबच्या प्रोटोकॉलची नवी आवृत्ती, पहिल्या दोन फेऱ्यांचं काम एकीत उरकतं. सीडीएन, म्हणजे वापरणाऱ्याच्या जवळ ठेवलेल्या सर्व्हरांचं जाळं, अंतरच कमी करतं. हे गणित मला या कामात सर्वांत जास्त उपयोगी पडलं आहे.

आकडे मोजकेच लक्षात ठेवा, यापेक्षा जास्त नकोत: एलसीपी (पानातला सर्वांत मोठा भाग दिसेपर्यंतचा वेळ) २.५ सेकंद, आयएनपी (क्लिक किंवा टॅपला पान प्रतिसाद देईपर्यंतचा वेळ) २०० मिलिसेकंद, सीएलएस (पानातला मजकूर किती सरकतो त्याचं माप) ०.१, आणि तेही ७५व्या पर्सेंटाइलला, म्हणजे शंभरातल्या निदान ७५ भेटींत. मार्च २०२४मध्ये आयएनपीने एफआयडीची (फक्त पहिल्या क्लिकचा उशीर मोजणाऱ्या मापाची) जागा घेतली, त्यामुळे जुने कोर्स जपून वापरा.

लाइटहाउस या गूगलच्या तपासणी टूलचा स्कोअर ही प्रयोगशाळेतली चाचणी. खरं चित्र वापरणाऱ्यांच्या फोनवरून येतं, आणि तेही फसवू शकतं. युट्यूबच्या एका इंजिनिअरने व्हिडिओचं १.२ एमबीचं पान १०० केबीच्या आत आणलं, तर पान उघडण्याचा सरासरी वेळ चक्क वाढला! कारण ज्यांच्याकडे पान उघडतच नव्हतं असे आग्नेय आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिकेतले लोक आता ते उघडू लागले होते आणि मोजणीत आले होते. सरासरीवरच निर्णय झाला असता, तर हे चांगलं काम मागे घेतलं गेलं असतं. म्हणून आकडे नेहमी देश, नेटवर्क आणि फोननुसार फोडून बघा.

नोकरी शोधताना प्रमाणपत्रांपेक्षा एक छोटा प्रकल्प दाखवा. स्वतःच्या साइटवर हे आकडे मोजणारी गूगलची वेब-व्हायटल्स लायब्ररी लावा, सेंडबीकन या ब्राउझरच्या सोयीने आकडे सर्व्हरवर पाठवा, उत्तरासोबत जाणाऱ्या सर्व्हर-टायमिंग हेडरमध्ये डेटाबेसचा वेळ द्या. मग ओपनटेलिमेट्री या मुक्त टूलसंचाने ट्रेस (एका रिक्वेस्टच्या प्रवासाची टप्प्याटप्प्याची नोंद) जोडा, म्हणजे संथ पान नेटवर्कमुळे अडलं की डेटाबेसच्या क्वेरीमुळे, ते दिसेल. कनेक्शनचा प्रकार क्रोम सांगतो, सफारी आणि फायरफॉक्स सांगत नाहीत. तिथे सर्व्हरवर आयपीवरून एएसएन (कोणत्या कंपनीचं नेटवर्क आहे ते सांगणारा क्रमांक) काढा, जिओ, एअरटेल, बीएसएनएलचे आलेख वेगळे करता येतील.